आखूड नळीचा बार

"पाव्हणं, ही उंच बाई आत ठेवा आणि ती ठेंगणी जरा उजेडात आणा!"

मामा एवढ्या मोठ्यानं बोलले की समोर सायकलीत हवा भरणारा माणूस पंप तसाच धरून आमच्या दुकानात बघायला लागला. मी काचेच्या पेटीवर हिरव्या लोकरीची बनात पसरली होती. तिच्यावर दोन रिव्हॉल्व्हरं होती, दोन्ही मॅग्नम म्हणजे जबर दारूच्या काडतुसांची, दोन्ही सहा बारांची. एकाची नळी सहा इंच, दुसऱ्याची तिच्या निम्म्याहून जराशी जास्त. कुर्गातला एक कॉफीमळेवाला साहेब मायदेशी परत जाताना ती आमच्या मालकांना विकून गेला होता. लांब नळीचं रिव्हॉल्व्हर बनातीवर एखाद्या पाणबगळ्यासारखं निवांत पडलं होतं. आखूड नळीचं मात्र बेडकासारखं, आत्ता उडी मारेल असं.

"हळू बोला की हो, गावडे," आमचे हेगिष्टे मालक गादीवरून म्हणाले. "बेळगावात कान शाबूत असलेली माणसं राहतात अजून."

"आमचा आवाजच तसा हाय मालक," मामा तितक्याच जोरात म्हणाले. "डोंगरातली माणसं आम्ही."

मामा म्हणजे माझे सासरे, आंबेगाळीचे रवळोजी गावडे. सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणायची आमच्याकडं रीत. मी फौजेत आर्मरर होतो, पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायचो. सुटल्यावर बेळगावात ह्या दुकानात मिस्त्री म्हणून लागलो. चंदगडच्या डोंगरातल्या मामांची मुलगी तानू माझ्या घरात आली, आणि तेव्हापासून मी मामांचा पाव्हणा झालो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही.

ही गोष्ट शिकारीला परवानगी होती त्या काळातली.

आंबेगाळीत भाताची कापणी उरकली की शेतात उरायची रताळी, आणि रताळ्याच्या वासानं रानडुकरं रात्रीत एकेक शेत असं उकरून जायची की सकाळी नांगर फिरवल्यासारखं दिसावं. म्हणून दिवाळीनंतर गाव पारधीला निघायचा. हाकारे आणि कुत्री रान उठवायची, आणि डुकरांच्या ठरलेल्या वाटांवर बंदूकवाले दबा धरून बसायचे. अशा जागेला बारी म्हणतात. बारी ज्याची त्याच्या घराण्याची. गावासमोरच्या डोंगराची बारी गावड्यांची, आणि गावड्यांत मामांची.

पण तिथं मामा दोन वर्षं बसले नव्हते. रताळ्यांनी भरलेली गाडी उतारावर उलटली आणि त्यांचा डावा हात कोपरात मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. हात कमरेच्या वर चढायचा थांबला. डाव्या हाताचा आधार नसेल तर बंदूक खांद्याला लागत नाही. मामांची ठासणीची बंदूक खुंटीवर गेली. दोन वर्षं बारी मोकळी राहिली आणि गावकीनं सांगून टाकलं, औंदा रवळोजी बसला नाही तर बारी त्याच्या पुतण्याला, जोतीला द्यायची.

मामा कुणाशी भांडले नाहीत. कचेरीत खेटे घालून त्यांनी एका हातानं चालवायच्या हत्याराचा परवाना काढला आणि सरळ माझ्या दुकानात आले.

मी आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या उजव्या हातात दिलं. त्यांनी ते तळहातावर तोललं. लहान मूल उचलावं तसं.

"आता दोन्हीतला फरक सांगा. शाळेतल्या पोराला सांगतात तसा."

"हे बघा मामा. नेम धरायची ही मागची खाच आणि ही पुढची माशी. नळी लांब असली की दोन्हींत अंतर राहतं. हात केसभर हलला तरी तुम्हाला तिथल्या तिथं दिसतं. वजन पुढं असतं, म्हणून धक्का कमी. गोळीला वेग जास्त. डुकरासाठी हेच घ्या."

"आणि ठेंगणी?"

"आखूड नळीत सगळी दारू जळायच्या आत गोळी बाहेर पडते. उरलेली दारू तोंडाशी जळते. म्हणजे जाळ मोठा, धक्का मोठा, आवाज मोठा. काम कमी आणि बोंब जास्त."

मामांचे डोळे चमकले. "आवाज किती मोठा?"

"कान फाटतील मामा."

"कुणाचं?"

"तुमचे."

"माझं ऱ्हाऊ द्या. लांबच्या माणसाचं?"

मालक गादीवर खो खो हसले. "अहो गावडे, तुम्हाला डुक्कर मारायचंय का लग्नात बार उडवायचेत?"

"दोन्ही बघून घेतो की मालक," मामा म्हणाले. "गाय घेताना दूध काढून बघतोय, हे तर हत्यार हाय."

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. मालक हत्यारं तिथंच पारखून द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा तिथं गेलो. खाणीच्या काठाला मुरमाचा उतार, पलीकडं एक ओढा, ओढ्यापलीकडं करवंदीच्या जाळ्या. मी वीस पावलांवर नारळाच्या करवंट्या मांडल्या.

मामांनी आधी लांब नळीचं घेतलं. पाय रोवून, डावा हात धोतराच्या कमरेत खोचून ते असे उभे राहिले की मला माझी पलटण आठवली. पहिल्या बाराला करवंटी फुटली. दुसरा चुकला. तिसऱ्याला पुन्हा फुटली.

"भले मामा! हेच बांधू का?"

"थांबा की. दुसरीचं तोंड तर बघू."

दुसरीनं पहिल्याच बाराला त्यांचा हात कपाळापर्यंत फेकला. जाळाची जीभ अशी निघाली की समोरच्या वाळक्या गवताला झळ लागली. करवंटी जिथल्या तिथं. दुसरा बार मुरमात. तिसराही. मामा मनगट चोळत हसायला लागले.

"हिनं लाथ मारली की वो!"

"म्हणूनच सांगतो—"

"दहा पावलांवर मांडा."

दहा पावलांवर मात्र करवंटी फुटली. मला वाटलं, संपलं. आता लांब नळीचंच घ्यायला सांगायचं आणि घरी जायचं. तेवढ्यात मामांनी बंडीच्या खिशातून सावरीच्या कापसाचे दोन गोळे काढले. एकेक गोळा दोन्ही कानांत असा ठासला, जसा जन्मभर बंदुकीत गज मारत आले होते. वर डोक्याचा रुमाल सोडून माझ्याकडून कानांवरून आवळून बांधून घेतला.

"पाव्हणं, मी त्या ओढ्यापलीकडं जाऊन बसतो. पाठमोरा. तुम्ही मनाला येईल तवा बार काढा. कधी हिचा, कधी तिचा. मला सांगू नका."

"कशासाठी मामा?"

"आँ?"

मी हातानं विचारलं, कशासाठी. मामांनी हातानंच सांगितलं, वाजवा.

ते ओढा उतरले, चढले, करवंदीच्या जाळीपाशी पाठ करून बसले. पांढरा रुमाल, काळी घोंगडी. लांबून एखाद्या माळावर शेंदूर न लावलेला देव बसावा तसे दिसत होते. मला काहीच कळत नव्हतं. मी लांब नळीचा बार काढला. देव हलला नाही. आणखी एक काढला. मग आखूड नळीचा काढला, आणि मामांचा उजवा हात झटकन वर गेला. पुन्हा लांब नळी, हात खाली. पुन्हा आखूड, हात वर. शेवटी मी फसवायला थोडा वेळ काहीच वाजवलं नाही. हात वर झाला नाही. मग आखूड वाजवलं, आणि हात असा वर गेला की शाळेत उत्तर आलेल्या मुलासारखा हलायलाच लागला.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा न्हालेल्या माणसासारखा ताजा होता.

"हीच बांधा."

"मामा, लांबनं डुक्कर चुकणार ह्यानं. जखमी डुक्कर उलटून आलं तर तुमचा एक हात—"

"हीच बांधा म्हणलं की."

"आणि कापूस कशाला घातला होता?"

मामांनी रुमाल झटकला, कापूस काढला आणि क्षणभर माझ्याकडं बघून नजर ओढ्याकडं वळवली. "वय झालं. कानाला सोसत न्हाय."

कानाला सोसत नाही म्हणणारा माणूस दोनांतलं मोठ्या आवाजाचं हत्यार निवडतो, आणि मी त्याला काडतुसं मोजून देतो. म्हातारपणी माणसाला मोठ्या आवाजाची हौस येते, असं मी मनाशी म्हणालो.

घरी तानूनं माझीच हजेरी घेतली. मामांना ताट वाढता वाढता ती मला म्हणाली, "तुम्ही फौजेत काय भाकऱ्या भाजत होता का? माझ्या आबाला ही असली बुटकी दिलीत?"

"तुझ्या आबाला विचार."

"आबा, लांबनं लागत न्हाय म्हंजे डुक्कर पायाशी येऊस्तर बसून ऱ्हायचं?"

"माझ्या बारीवर कारवीचं रान एवढं दाट हाय," मामा घास हातात धरून ओरडले, "का दहा पावलाच्या पलीकडं डुक्करच दिसत न्हाय! लांबनं मारायचं कशाला?"

"हळू बोल आबा, भिंतीपलीकडं शेजारीण जेवाय बसलीय."

"तिला बी कळू दे!"

तानू स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "आबा पैल्यांदी असं ओरडत नव्हता वो. मी ल्हान असताना किती गोड बोलायचा. गेल्या पाच-सहा वर्सांत झालंय हे. साऱ्यांवर खेकसल्यासारखं. आणि आता हे हत्यार. पारधीला आपण दोघं जाऊया. मला इथं बसवणार न्हाय."

म्हणून पारधीच्या आदल्या दिवशी आम्ही आंबेगाळीला पोचलो.

सकाळी मामी उंबऱ्यात हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. मामी म्हणजे भागीरथी. लहानखुऱ्या, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोलायला फार गोड, पण बोलणं नेहमी थोडं भरकटलेलं. आपण पाण्याचं विचारावं आणि त्यांनी गाईचं सांगावं. मी त्यांना साधी, आपल्याच नादात असणारी बाई समजत होतो. मामांनी रिव्हॉल्व्हर ताटात ठेवलं. मामींनी त्याला कुंकू लावलं आणि गालाला हात लावून म्हणाल्या,

"अगंबाई, हे काय? बंदुकीचं पिलू म्हणायचं का?"

"पिलूच हाय!" मामा ओरडले. "पर रडतंय झ्याक!"

अंगणात जोती उभा होता, खांद्यावर दुनळी, गळ्यात काडतुसांचा पट्टा. पंचविशीतला उमदा गडी. पण मामांची बारी त्याच्या डोळ्यांत आधीच भरलेली. "काका, ही तंबाकूची डबी का वो? डुकराला तंबाकू मळून देणार?"

हाकारे फिदीफिदी हसले. मामाही हसले. "देतो की. तू चुना घेऊन ये."

मीही निघणार तोच मामींनी हात आडवा केला. जावई पारधीला जात नाही. रानात त्याला काही झालं तर लेकीचं कुंकू माहेरच्या डोंगरात पुसलं जातं, म्हणून त्या दिवशी तो घरात बसतो. गावातला एकुलता एक पुरुष म्हणून मी अंगणात बायकांत बसलो. मागं गोठा, पुढं भाताची खळी, समोर ओढा आणि ओढ्यापलीकडं अंगावर आल्यासारखा मामांचा डोंगर.

मला चहा हवा होता. तानूला तसं म्हणालो तर ती हसली. "आज चूल गार. आबाचा बार ऐकू येऊस्तर पेटायची न्हाय."

मग तिनं मला सांगितलं. बारीवर ज्याच्या घरचा माणूस बसतो, त्या घरची बाई सकाळपासून चूल पेटवत नाही. आपल्या माणसाचा बार कानावर आला की मगच विस्तव करायचा. डुक्कर समोर आलंच नाही तरी रान संपल्यावर प्रत्येक बारीवरून एकेक सुटीचा बार निघतो. प्रत्येकीला आपल्या घरची बंदूक ओळखू येते. कुणी सांगितलं म्हणून चूल पेटवायची नाही, तो मोठा कमीपणा.

"आबाची शेवटची पारध झाली नव्हं, हात मोडायच्या आधी," तानूनं आवाज खाली आणला, "तवा आईनं चूल पेटवलीच न्हाय. आबा दारात येऊन उभा ऱ्हायला तरी गार. ह्या भरमाक्कानं गावभर केलं. नवऱ्याच्या बाराकडं जिचं ध्यान न्हाय तिला कसला संसार, म्हणून. आई महिनाभर पाणवठ्यावर गेली न्हाय."

भरमाक्का म्हणजे जोतीची आई, मामींची जाऊ. शेजारच्या अंगणात ती सूप घेऊन बसली होती. तिनं गडाच्या तटावरून हाळी द्यावी तशी हाळी दिली, "काय गं भागू! औंदा तरी चूल पेटंल नव्हं?"

मामी उखळापाशी होत्या. त्यांनी वर बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "व्हय, ऊन लय हाय आज."

भरमाक्कानं सुपातला कोंडा असा पाखडला की तिचं उत्तर त्यातच आलं. मामींनी मुसळ उचललं. भात कांडता कांडता त्या ओवी म्हणायला लागल्या. आवाज गोड, पण सूर कुठंतरी हातातून सुटलेला, जसं पतंग सुटल्यावर दोरा नुसता हवेत राहतो.

"कांडण कांडते, मुसळाचा घाव खोल
डोंगराच्या आड माझ्या राजसाचा बोल"

डोंगरात हाका सुरू झाला. डबे, कुत्री, आरोळ्या. कारवीच्या रानातून तो आवाज खालून वर सरकत होता. तानूनं माझा दंड धरला. मग उजव्या अंगाच्या खिंडीत बार झाला. माझा सगळा जन्म बंदुकांत गेलेला, मला कोण बोललं ते लगेच कळलं. दुनळी, जोतीची. पाठोपाठ दुसरा. गोठ्यातलं वासरू दचकून दाव्याला हिसकलं. खळ्यावरच्या चिमण्या भुर्रकन उठल्या. भरमाक्का सूप टाकून उभी राहिली. "माझा जोती गं! भागू, ऐकलंस का? माझ्या जोतीचा बार!" आणि ती घरात पळाली.

मामींचं मुसळ चुकलं नाही. वर गेलं, खाली आलं. ओवीचं कडवंही तुटलं नाही. त्यांची पाठ भरमाक्काकडं होती.

मी मामींकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं भरमाक्काच्या कौलांतून धूर निघाला. मामी सहज मागं वळल्या, तो धूर त्यांच्या डोळ्यांना दिसला, आणि तेव्हा कुठं त्यांचा हात थांबला. त्यांनी मुसळ उखळाला टेकवलं आणि डोंगराकडं बघायला लागल्या. मी पुष्कळ माणसांना ऐकताना बघितलंय. माणूस ऐकतो तेव्हा मान थोडी कलते, नजर कुठंतरी रिकामी होते. मामींची नजर रिकामी नव्हती. त्या डोळ्यांनी ऐकत होत्या. डोंगरावरचा एकेक कावळा, एकेक हललेलं झाड त्या वाचत होत्या.

आणि मला खाणीजवळच्या ओढ्यापलीकडं पाठ करून बसलेले मामा आठवले. कानात सावरीचा कापूस, वर आवळलेला रुमाल.

मी तानूकडं बघितलं. तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता. तिलाही आत्ताच कळलं होतं. लग्न होऊन गेलेली लेक वर्षातून चार दिवस येते. आईचं बोलणं भरकटतं एवढंच तिला दिसलं होतं. बाप सगळ्या जगावर का ओरडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकट्या बायकोशी मोठ्यानं बोललं असतं तर आपले कान गेल्याचं ह्याला माहीत आहे, हे तिला कळलं असतं. म्हणून हा माणूस पोस्टमनशी मोठ्यानं बोलत होता, बैलांशी बोलत होता, बेळगावच्या मालकांशी बोलत होता. पाच-सहा वर्षं.

"आईला सांगू नका," तानू पुटपुटली. "तिला वाटतंय कुणालाच ठावं न्हाय."

हाका आता बरोबर आमच्या समोर आला होता. मामांच्या बारीवर. कुत्री एकाच जागी केकाटायला लागली. म्हणजे डुक्कर अडवलेलं, आणि त्याच्या समोर एका हाताचा म्हातारा, ज्याला मी माझ्या हातानं ते हत्यार बांधून दिलं होतं. बार होईना. एक हाकारा ओरडला, "आलं, आलं, रवळूदादा, आलं!" तरी बार होईना. तानूची नखं माझ्या दंडात रुतली. मामी डोंगराकडं बघत उभ्या होत्या, मुसळ छातीशी धरून.

मग तो झाला.

आभाळाच्या कुणीतरी थोबाडीत मारली. डोंगरानं तो आवाज झेलला आणि आमच्या अंगणावर फेकला. भिंतीला टेकवलेली पितळी परात किणकिणली. मामींच्या अंगातून एक शहारा गेला. त्यांची मान कलली, अगदी तशी, ऐकणाऱ्या माणसाची. नजर रिकामी झाली आणि मग भरली. कितीतरी दिवस बंद असलेल्या घराचं दार आतून कुणीतरी उघडावं, तसा त्यांचा चेहरा उघडला.

"तानू," त्या म्हणाल्या, "तुझा आबा गं."

मुसळ तसंच टाकून त्या आत धावल्या. साठीची बाई, पण परकर नेसलेल्या पोरीसारखी. फुंकणीचा आवाज आला, मग शेणीचा धूर. तो आधी दारातून, मग कौलांतून निघाला आणि सरळ वर चढला. शेजारच्या उंबऱ्यात भरमाक्का येऊन उभी राहिली होती. मामी खोकत बाहेर आल्या, डोळे पुसले आणि पहिल्यांदा स्वतःहून तिला म्हणाल्या, "पेटली गं, भरमाक्का. बार झाला की आमचा."

पण बार झाला म्हणजे माणूस उभा आहे, एवढंच कळतं. पुढं काय झालं ते कळत नाही. मी तसाच ओढ्यापर्यंत पळत गेलो. जावयानं रानात जायचं नसतं, ओढ्यापर्यंत चालतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुन्हा एकदा तोच आवाज झाला, सुटीचा. मग माणसं दिसली. पुढं काठीला बांधलेलं डुक्कर, ते जोतीचं. त्याच्या मागं हाकारे, कुत्री. सगळ्यांत मागं मामा. घोंगडी खांद्यावर, धोतर कारवीनं फाटलेलं, अंगावर ओरखडाही नाही.

"काका, आवाज तेवढा नंबरी हां!" जोती म्हणत होता. "डुक्कर गोळीनं न्हाय, भ्यानं पळालं. आता गोव्यात जाऊन थांबंल."

सगळा घोळका हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मामा.

मी त्यांच्या बाजूनं चालायला लागलो. "किती अंतरावर होतं मामा?"

"मोकळ्यात आलं आडवं. असंल पंचवीस पावलं. जवळ येतंय का म्हणून थांबलो. न्हाय आलं. मग सोडला."

"लांब नळी असती तर—"

"पडलं असतं," मामा म्हणाले. माझ्याशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता, माणूस माणसाशी बोलतो एवढा. "तुमच्या उंच बाईनं पाडलंच असतं. मला काय कळत न्हाय व्हय पाव्हणं?"

ओढ्याच्या चढावर ते थांबले. गावाची कौलं तिथून दिसत होती. त्यांनी उजव्या हाताची सावली डोळ्यांवर धरली आणि एकेक घर बघत गेले. भरमाक्काचं, आणि तिच्या शेजारचं आपलं. त्या घरावर धूर चढला होता, निळा, सरळ, ओवीच्या ओळीसारखा. मामा किती वेळ तो बघत उभे राहिले मला माहीत नाही. हाकारे पुढं निघून गेले. मामांनी माझ्याकडं बघितलं. मला कळलंय हे त्यांना कळलं, आणि त्यांनी फक्त तोंडावर बोट ठेवलं.

अंगणात मामी पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. पारधीहून आलेल्या माणसाचे पाय घरच्या बाईनं धुवायचे. भरमाक्का, जोती, चार बायका अजून तिथंच घुटमळत होत्या. मामींनी मामांना आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. फाटलेलं धोतर बघितलं, मोकळे हात बघितले. मग कमरेवर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत त्यांना असं फटकारलं की जन्मात मी त्यांना तशा बोलताना ऐकलं नव्हतं.

"का वो, एवढ्या मोठ्यानं वाजवायचं असतंय? परात पडली असती माझी! आख्खा गाव दचकला. मी काय बहिरी हाय?"

मामांनी मान खाली घातली. पाय पुढं केले आणि मामी पाणी ओतत असताना असे हसायला लागले, असे गदगदून हसायला लागले, की पाणी त्यांच्या पायांवर कमी आणि माझ्या पाटलोणीवर जास्त पडलं.